पिक्चर तीनचा, जेवण घरचं

चौघांच्या घरात शनिवारी पिक्चरला जायचं ठरलं की पहिली चर्चा होते तिकिटाची. इथे साडेतीनशे, तिथे तीनशे वीस, पलीकडच्या मॉलमध्ये दोनशे नव्वद. अर्धा तास फोन या हातातून त्या हातात फिरतो आणि शेवटी माणशी तीस रुपये वाचवल्याच्या आनंदात बुकिंग होतं. मग मध्यंतरात तेच कुटुंब काउंटरवर जातं आणि पाचशेच्या दोन नोटा मोडून एक टब, दोन ग्लास आणि समोशांची पुडी घेऊन परत येतं. त्या वेळी मात्र कुणी फोन काढून भाव ताडून पाहत नाही.

मुंबईच्या उपनगरातला शनिवार-रविवार महाग होतो तो पडद्यापेक्षा पोटामुळे. देशातल्या सर्वांत मोठ्या थिएटरसाखळीचे, म्हणजे पीव्हीआर आयनॉक्सचे २०२३-२४ चे आकडे बघा. सरासरी तिकीट २५९ रुपये आणि माणशी खाण्यापिण्याचा खर्च १३२ रुपये. तिकिटाच्या निम्मा! आणि या सरासरीत माझ्यासारखी काहीच न घेणारी माणसंही धरलेली आहेत. म्हणून या मार्गदर्शनाचा रोख तिकिटावर कमी आणि घड्याळावर जास्त आहे. किती वाजताचा शो घ्यायचा आणि त्याआधी-नंतर घरी काय शिजवायचं, हे दोन निर्णय नीट घेतले तर बाकीचं आपोआप मार्गी लागतं.

पुढचे भाव २०२५ च्या दिवाळीनंतरचे आहेत. थिएटर आणि किराण्याचे आकडे उपनगरांतले साधारण आकडे समजावेत, तुमच्या नाक्यावर पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतील.

तिकीट: शंभराची रेघ आणि घड्याळ

आधी कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याआधी तो १२ टक्के होता. शंभराच्या वर मात्र १८ टक्के तसाच राहिला. म्हणजे शंभराचं तिकीट हातात येतं १०५ ला आणि एकशे दहाचं येतं १२९ रुपये ८० पैशांना. मूळ भावात दहाचा फरक, खिशातून जाताना जवळजवळ पंचवीसचा. वाचायला छान आहे, पण अंधेरी, बोरिवली किंवा घाटकोपरच्या मॉलमध्ये शनिवारी शंभराच्या आतलं तिकीट शोधून दाखवा! ते मिळतं एकपडदा थिएटरात पुढच्या रांगांना, नाहीतर वारांच्या सवलतीत. त्या सवलती बहुधा मंगळवारच्या असतात आणि मंगळवारी बाबा ऑफिसात, मुलं क्लासला. पीव्हीआर आयनॉक्सचा महिन्याचा ‘पासपोर्ट’ही सोमवार ते गुरुवारच चालतो. निवृत्त आजी-आजोबांना तो फायद्याचा आहे. शनिवार-रविवारचा बेत असेल तर तो घेऊ नका.

शनिवार-रविवारी भाव ठरतो वेळेवर. सकाळी नऊ-साडेनऊचा पहिला शो १५० ते २२० रुपयांत, दुपारचा २२० ते ३००, आणि संध्याकाळी सहापासून पुढे ३०० ते ४५०. मोठ्या हिंदी पिक्चरचा पहिला आठवडा असेल तर यावर आणखी चढतो. मागे रेलणाऱ्या खुर्च्या हव्या असतील तर सहाशेपासून हजाराच्या पुढे. पाय पसरून झोप काढायला हजार रुपये मला तरी जास्त वाटतात. मराठी पिक्चरची तिकिटं त्याच थिएटरात बऱ्याचदा स्वस्त असतात, पण त्यांना शो मिळतात अडनिड्या वेळेचे आणि दुसऱ्या आठवड्यात तेही कमी होतात. ‘दशावतार’सारखा एखादा उचलून धरला जातो तेव्हाच वेळा सुधारतात. तेव्हा मराठी बघायचा असेल तर पहिल्याच शनिवारी बघा.

ऑनलाइन बुकिंगवरचं सुविधा शुल्क हा छुपा खर्च. तिकिटामागे ३० ते ५० रुपये आणि वर त्या शुल्कावर १८ टक्के कर. चार तिकिटांवर ४० प्रमाणे १६०, करासह १८८ रुपये ८० पैसे. राज्य सरकारनं २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून हे शुल्क घ्यायला थिएटरांना मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयानं ते आदेश जुलै २०२५ मध्ये रद्द केले, त्यामुळे आता त्यावर भांडण्यात अर्थ नाही. बुकिंग रद्द केलं तर तिकिटाचे पैसे नियमाप्रमाणे काही प्रमाणात परत येतात, हे शुल्क सहसा येत नाही. उपाय जुनाच आहे: खिडकी. थिएटर स्टेशनच्या वाटेवर असेल तर शुक्रवारी घरी येताना तिकिटं काढून ठेवा. नव्या पिक्चरच्या पहिल्या शनिवारी एवढा धीर धरता येणार नाही, तेव्हा मुकाट्यानं भरा.

मुलं बरोबर असतील तर आणखी दोन गोष्टी. तीन वर्षांच्या वरच्या मुलाला पूर्ण तिकीट लागतं, मांडीवर बसवतो म्हणून चालत नाही. आणि प्रमाणपत्र बघा. यूएमध्ये आता ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आहेत, त्यांत निर्णय पालकांचा. ‘ए’ असेल तर अठराच्या आतल्याला दारातच अडवतात आणि तिकिटाचे पैसे बुडतात. दहावीतला मुलगा कितीही उंच झाला असला तरी.

दाराशी पिशवी तपासतात तेव्हा

डबा आत नेता येईल का? नाही. यावर गेल्या काही वर्षांत एवढी उलटसुलट विधानं झाली की लोकांच्या डोक्यात गोंधळ आहे. २०१८ साली पुण्यात यावरून आंदोलन झालं. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारनं बाहेरचे पदार्थ नेता येतील असं जाहीर केलं, पण प्रत्यक्षात ते काही झालं नाही. प्रश्न मिटला तो सर्वोच्च न्यायालयाच्या ३ जानेवारी २०२३ च्या निकालानं. थिएटर ही मालकाची खाजगी जागा आहे आणि बाहेरचं खाणं आणू नये अशी अट तो घालू शकतो, असं न्यायालयानं सांगितलं.

पण त्याच निकालात ग्राहकाच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत आणि त्या दाराशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला बऱ्याचदा ठाऊक नसतात. थिएटरनं स्वच्छ पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं. आणि तान्ह्या किंवा लहान मुलासाठी पालकांनी आणलेलं वाजवी प्रमाणातलं खाणं आत न्यायला हरकत घेता येत नाही. मऊ भाताची डबी, नाचणी सत्त्वाची बाटली घेऊन जाणाऱ्या आईनं घाबरू नये. मॅनेजरला बोलवावं, शांतपणे सांगावं. पाण्याचं यंत्र कुठे आहे हे तिकीट फाडणाऱ्यालाच विचारून ठेवा. ते बहुधा स्वच्छतागृहाच्या बाजूला, कोपऱ्यात असतं आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी पाटी नसते. त्याचं कारण काउंटरवरच्या पाण्याच्या बाटलीचा भाव बघितला की कळतं.

काउंटरवरचे भाव सगळ्यांना पाठ आहेत: पॉपकॉर्नचा टब ३०० ते ५००, शीतपेय १५० ते २५०, दोन समोसे दीडशेच्या पुढे, पाणी ६० ते १००. थिएटरांच्या दरांवरच्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीच सुनावणीत पाण्याला शंभर आणि कॉफीला सातशे घेता, असं सुनावलं. यावरचा कर ५ टक्केच आहे, तेव्हा महागाईचं खापर जीएसटीवर फोडू नका. मात्र तिकीट आणि खाणं एकाच बांधील पॅकेजात विकलं तर सगळ्यालाच तिकिटाचा दर लागतो. पॅकेज ‘स्वस्तात’ दिसलं तरी सुटा भाव मांडून पाहा.

बाटली किंवा पाकीट घेतलंत तर छापील किंमत बघा. एकाच मालावर बाजारात एक आणि मॉलमध्ये दुसरी अशा दोन छापील किमती ठेवायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. यंत्रातून ग्लासात ओतलेल्या पेयावर किंमत छापलेलीच नसते, तिथे हा नियम तुमच्या मदतीला येत नाही.

आणि तो नेहमीचा सापळा. मधला टब ४२०, मोठा ४८०. ‘आई, फक्त साठच रुपये जास्त!’ मोठा टब घरी जाताना अर्धा उरतो आणि रात्रीचं जेवण कुणाला जात नाही. लहान घ्या. मुलांना नाहीच म्हणून शनिवार घालवू नये असं माझं मत आहे, पण चौघांत एक लहान टब पुरतो, कारण घरून जेवून आलेल्या माणसाला पॉपकॉर्न तोंडात टाकायला हवा असतो, पोटात नको असतो.

नाट्यगृहातल्या मध्यंतराची सवय असलेल्या मराठी माणसाला हे सगळं फार लागतं. मुलुंडचं कालिदास असो की बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, वडा आणि चहा घेऊन माणूस तिसऱ्या घंटेपर्यंत परत जागेवर. २०१५ च्या एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवायला सांगणारा निर्णय आला, तेव्हा आता तिथे पॉपकॉर्नऐवजी मिसळ आणि वडापाव मिळणार का, असा टोमणा लेखिका शोभा डे यांनी मारला होता. त्यावर मोठा गहजब झाला, त्यांच्या घराबाहेर वडापाव घेऊन मोर्चा गेला. एवढं होऊन मिसळ काही थिएटरात आली नाही. आली असती तर बिल निम्म्यावर आलं असतं!

जाणं-येणं

यात फार डोकं लावायची गरज नाही. अंधेरी-बोरिवलीकरांना मेट्रो आहे. लिंक रोडवरून मार्गिका टू-ए धावते, म्हणजे इन्फिनिटी आणि सिटी मॉल दोन्ही वाटेवर. बोरिवली पूर्वेचा स्काय सिटी मॉल मार्गिका ७ वरच्या मागाठाण्याजवळ. तीन किलोमीटरपर्यंत १०, बारापर्यंत २० रुपये. या दोन मार्गिकांवर ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ आणि बारावीपर्यंतचे विद्यार्थी यांना २५ टक्के सवलत आहे, त्यासाठी मुंबई वन कार्ड काढावं लागतं. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो वनचं तिकीट ४० रुपये. मुलुंडकरांनी लोकलनं घाटकोपर गाठावं, माणशी जास्तीत जास्त दहा रुपये, आणि आर सिटी मॉलसाठी पश्चिमेला बस पकडावी. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ आहे.

रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये, दीड किलोमीटरला. खरी गंमत अशी की रिक्षात बसतात तीन आणि आपण असतो चार. दोन रिक्षा केल्या की मेट्रो-बसचा सगळा फायदा गेला. रात्रीचा शो सुटून बारा वाजून गेले तर पहाटे पाचपर्यंत भाडं सव्वापट, आणि ‘जवळचं नाही जाणार’ हे वेगळं ऐकायचं.

रविवारपेक्षा शनिवार निवडण्याचं एक कारण रेल्वेच आहे. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, आणि तो बऱ्याचदा नेमका माटुंगा-मुलुंड टप्प्यात, सकाळी अकरा ते दुपारी चारच्या सुमारास. नाहूर आणि कांजूरमार्गला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉकही रविवारचाच. शनिवारी संध्याकाळी बातम्यांत ब्लॉक बघितल्याशिवाय रविवारचं बुकिंग करू नका.

घरचं खाणं फुकट नसतं

घरचं म्हणजे स्वस्त, हे म्हणताना आपण एका माणसाची मजुरी हिशेबात धरत नाही. आई किंवा सासूबाई शनिवारी सकाळी सहापासून ओट्याशी उभ्या, दुपारी भांडी, मग घाईघाईत साडी नेसून थिएटर, आणि आल्यावर परत कुकर. तिच्या डोळ्यावर झोप येते ती नेमकी पिक्चरच्या उत्तरार्धात. हा आरामाचा शनिवार नव्हे. तेव्हा पदार्थ निवडताना दोन कसोट्या लावाव्यात: बरीचशी तयारी आदल्या दिवशी होते का, आणि घरातला कुणीही तो वाढून घेऊ शकतो का.

या दोन्हींना पुरून उरते ती मिसळ. गुरुवारी सकाळी पाव किलो मटकी भिजत घालायची, रात्री उपसून पंच्यात घट्ट बांधून ठेवायची. शुक्रवारी रात्रीपर्यंत पांढरे कोंब दिसायला लागतात. तेव्हाच कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटण करून फ्रिजमध्ये टाकायचं. भाजताना घाई नको, खोबरं तांबूस व्हायला हवं, काळं नाही. कटाचा रंग तिखटापेक्षा या भाजण्यावर अवलंबून असतो. शनिवारी दुपारी उसळ आणि कट मिळून पाऊण तासाचं काम. वर तर्री यायला तेलात हात आखडता घेऊ नये आणि कट उकळल्यावर गॅस बारीक करून दहा मिनिटं तसाच ठेवावा, तेल आपोआप वर येतं. कांदा चिरणं, लिंबू कापणं, पाव आणणं ही कामं मुलांची आणि नवऱ्याची. ताटं ज्याची त्यानं वाढून घ्यायची.

खर्च मांडू. मटकी ३०, पाव किलो फरसाण ७०, कांदे-बटाटे-टोमॅटो ३५, तेल-खोबरं-मसाला ४०, कोथिंबीर-लिंबू १५, पावाच्या दोन लाद्या ५०, गॅस दहाएक रुपये. झाले २५०. चौघं पोटभर जेवतात. हीच मिसळ बाहेर १०० ते १४० रुपये प्लेट, आणि दुसऱ्यांदा कट मागितला की वेटर कसा बघतो हे तुम्हाला माहीत आहे.

थिएटरातून आल्यावर रात्री काय? मुगाच्या डाळीची खिचडी. तांदूळ-डाळ निघण्यापूर्वी धुऊन निथळत ठेवायची, आल्यावर फोडणी आणि तीन शिट्ट्या. तूप, पापड, लोणचं, ताकाची कढी. तांदूळ १८, डाळ १३, बाकी तूप-दही-पापड ६० धरले तरी नव्वदच्या आसपास. पिठलं-भात केलात तर त्याहून कमी. शनिवारी उपास असणाऱ्यांनी साबुदाणा रात्री भिजवताना पाणी फक्त वर तरंगेल इतकंच ठेवावं. गिचका झालेली खिचडी खाऊन तीन तास खुर्चीत बसणं ही शिक्षा आहे.

पोळ्या मात्र घरी लाटू नका. मुलुंड पूर्व, बोरिवली, पार्ले, कुठेही स्टेशनच्या परिसरात पोळीभाजी केंद्र सापडतं. पोळी १० ते १५ रुपयांना, भाजी पाव किलो ६० ते १००. दहा पोळ्यांचे सव्वाशे रुपये गेले तरी एका माणसाचा तास वाचतो आणि त्या तासाची किंमत सव्वाशेहून नक्की जास्त आहे. सोसायटीतल्या एखाद्या काकू घरून ऑर्डर घेत असतील तर अधिक चांगलं, फक्त शुक्रवारी सकाळी सांगा. शनिवारी दुपारी ‘चार जणांचं होईल का?’ असा फोन केला की त्यांचाही शनिवार जातो. नियमित घेणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक विचारायला संकोच नको. घरगुती व्यवसायालाही ती नोंदणी लागते आणि तिचं वार्षिक शुल्क शंभर रुपये आहे.

मग शो कोणता?

पूर्वी शो असायचे बारा, तीन, सहा, नऊ. त्या वेळा घरच्या जेवणाशी जुळलेल्या होत्या. जेवून तीनचा पाहायचा, चहाला घरी. मल्टिप्लेक्समध्ये शो सुरू होतात एक चाळीसला आणि सात पन्नासला, म्हणजे बरोबर अशा वेळी की मध्यंतर भुकेच्या तोंडावर यावं. त्यात पिक्चरच्या छापील वेळेनंतर पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त, जाहिराती. पिक्चर अडीच तासांचा असेल तर सव्वातीन तास धरून चाला.

मुलुंडहून आर सिटीला जाणाऱ्या चौघांचा हिशेब करू. संध्याकाळी साडेसातचा शो: तिकिटं ३५० प्रमाणे १४००, सुविधा शुल्क १९०, मध्यंतरातलं खाणं करासह १०५०, नंतर मॉलच्या फूडकोर्टात जेवण १३००, गाडीचं पेट्रोल आणि पार्किंग २३०. एकूण ४१७०. दुपारचं जेवण यात धरलेलंच नाही.

सकाळी साडेनऊचा शो: घरून पोहे खाऊन निघायचं ८०, खिडकीवरची तिकिटं १८० प्रमाणे ७२०, लोकल आणि एसी बस जाऊन-येऊन १७६, परत येऊन मिसळ २५०. एकूण १२२६. याहून स्वस्त काही नाही. पण शनिवारी सातला मुलांना उठवणं, डोक्यावरून पाणी घालणं, आठला पोहे आणि साडेआठची लोकल! आठवडाभर जे करतो तेच. पैसे वाचतात, शनिवार वाचत नाही.

दुपारी अडीच-तीनचा शो: साडेबाराला मिसळ २५०, तिकिटं २६० प्रमाणे १०४०, सुविधा शुल्क १९०, प्रवास १७६, सहा-साडेसहाला बाहेर पडून घरी चहा आणि डब्यातला चिवडा ६०, रात्री खिचडी ९०. एकूण १८०६, आणि यात दिवसाची दोन्ही जेवणं आली. मुलांच्या हट्टासाठी ४०० चा एक टब धरा, तरी बावीसशे. संध्याकाळच्या शोपेक्षा जवळजवळ दोन हजार कमी, सकाळची झोप शाबूत, आणि रात्री रिक्षावाल्याच्या मागे धावणं नाही. आजी बरोबर असतील तर त्यांनाही दुपारचीच वेळ झेपते. माझा कौल तीनच्या शोला.

रविवारी घरी. ज्या ओटीटीची वर्गणी तुम्ही आधीच भरताय तिच्यावरचा एखादा जुना मराठी पिक्चर लावा, नवी वर्गणी घेऊ नका. पॉपकॉर्नही घरचाच. किराणा दुकानात पॉपकॉर्नचा मका वेगळा मागायचा, साधा वाळलेला मका नीट फुटत नाही. शंभर ग्रॅम वीस रुपयांना येतो. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, त्यात चारच दाणे टाकून वाट पाहायची. ते फुटले की तेल योग्य तापलं असं समजून बाकीचे एका थरात पसरायचे, चिमूटभर हळद, झाकण. ते किंचित तिरकं ठेवलं की वाफ निघून जाते आणि लाह्या चिवट होत नाहीत. ताडताड आवाज ऐन भरात येऊन ओसरतो. दोन फटाक्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर पडायला लागलं की गॅस बंद, नाहीतर तळाचे करपतात. मीठ वरून आणि अगदी बारीक, शक्यतो मिक्सरमधून काढलेलं, म्हणजे चिकटतं. वर पातळ तूप. तेल-तुपासह तीस रुपयांत घरभर पुरतं.

बिल जपून ठेवा

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, फुकट पाण्याची सोय नाही म्हणाले, तान्ह्या मुलाचं खाणं अडवलं, तर तिथे आवाज चढवून पिक्चरची पहिली वीस मिनिटं घालवू नका. बिल घ्या, वस्तूवरच्या छापील किमतीचा आणि दरफलकाचा फोटो काढा, मॅनेजरकडे लेखी तक्रार द्या आणि घरी आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवा. तेवढ्यानं काम झालं नाही तर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या सगळ्यांसाठी मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या वस्तू-सेवेसाठी तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. बिल नसेल तर मात्र यातलं काहीच उभं राहत नाही, तेव्हा ते पॉपकॉर्नच्या रिकाम्या टबात टाकून येऊ नका.